काळा प्लग

[सायलेन्सर, जवळून. किकचा आवाज, तीनदा. धूर.]

हा धूर बघा. काळा आहे. निळा असता तर इंजिन ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या, असं म्हटलं असतं आणि इंजिन खोलायला घेतलं असतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल. आत जातंय भरपूर, जळतंय त्यातलं थोडंच.

ठाणे. वागळे इस्टेटच्या आतली एक गल्ली. लेथचा आवाज अजून येतो, पण पूर्वीसारखा दोन्ही बाजूंनी नाही. श्रावण चालू आहे, पत्र्यावर सर येते आणि जाते. शटरच्या आत पेट्रोल, ऑइल आणि उदबत्ती यांचा मिळून एक वास आहे. तो कॅमेऱ्यात येत नाही म्हणून सांगितला.

[गाडी. पुढून, मग उजवीकडून.]

बुलेट ३५०. १९८६ सालची. सत्तर मिलिमीटर बोअर, नव्वद मिलिमीटर स्ट्रोक, एकच सिलिंडर, ३४६ सीसी. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. आधी इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडायचे, मग सगळंच इथे बनायला लागलं. तिकडे मूळ कंपनी बंद पडली, इकडे हे इंजिन धडधडत राहिलं. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. हेडलाइटच्या दोन बाजूंना ते छोटे दिवे, ज्यांना सगळे वाघाचे डोळे म्हणतात. मध्ये अँपिअर मीटर. त्याचा काटा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मालक चरईत राहतात, बँकेतून निवृत्त झालेत. त्यांची तक्रार साधी होती. लिटरला पस्तीस देणारी गाडी बावीसवर आली. तलावपाळीच्या सिग्नलला उभी राहिली की घुसमटते, बंद पडते, आणि मागचे हॉर्न वाजवतात. दोन वर्षांत कॉइल नवी झाली, कंडेन्सर नवा झाला, बॅटरी नवी झाली. शेवटच्या गॅरेजमध्ये सांगितलं, हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटरच बदला, बाजारात नवा मिळतो. त्या दोन वर्षांत कार्बोरेटर कोणी पुरता उघडला नव्हता.

[मिस्त्री. हात.]

हे मिस्त्री. मालक त्यांना काका म्हणतात, वयात फारसं अंतर नसताना. काकांनी पहिल्यांदा गाडी चालू केलीच नाही. ठिणगी पाडणारा प्लग काढला.

[प्लग. जवळून. अजून जवळून.]

काळा. मखमलीसारखा. काकांनी तो जुन्या वर्तमानपत्रावर ओढला, कोळशासारखी रेघ उठली. मग बोटाने पुसली आणि बोट आम्हाला दाखवलं. कोरडी काजळी, फुंकर मारली तर उडेल. "तेलाची असती तर चिकटली असती," काका म्हणाले. "ही चिकटत नाही. म्हणजे पेट्रोलच."

एक भाग पेट्रोल पुरतं जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली किंवा पेट्रोल जास्त आलं, की मिक्श्चर रिच. कमजोर ठिणगीनेही प्लग असाच काळा होतो. म्हणून काकांनी पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच, साफ करून, गॅप फीलर गेजने लावून ते आधी निकालात काढलं होतं. ते काम आदल्या दिवशी झालं. आम्ही पोचलो नव्हतो, त्यामुळे ते दिसणार नाही.

मालकांचा संशय पंपावरच्या वीस टक्के इथेनॉलवर. हा संशय हल्ली प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतो. इथेनॉलबद्दल आमच्या मनातही प्रेम नाही, जुन्या गाडीचं रबर ते खातं. पण इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो. त्याने मिक्श्चर झालंच तर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. हा काळा धूर त्याच्या नावावर टाकता येत नाही.

[एअर फिल्टर. झटकताना धूळ.]

एअर फिल्टर. चोंदला तर इंजिनचा गळा आवळला जातो. काकांनी तो काढून गाडी चालू केली, धूर तसाच. परत बसवला. पुढे.

[कार्बोरेटर बेंचवर.]

आता मुख्य पाहुणा. मिककार्ब, चोवीस मिलिमीटरचा, जपानी मिकुनीच्या बनावटीवर आपल्याकडे बनलेला. तळहातावर मावतो. चोक म्हणजे पडदा असं अनेकांना वाटतं. याच्यात पडदा नाही. एक छोटा प्लंजर वर उचलला जातो आणि पेट्रोलची एक जादा वाट उघडते. प्लंजरच्या बुडाला रबराची चकती असते. ती चिरली की ती वाट कधी बंदच होत नाही, गाडी दिवसभर चोकवर चालते. काकांनी नख लावून पाहिलं. रबर शाबूत.

[फ्लोट. रबरी नळी. काकांचे गाल.]

हा शॉट आम्हाला सगळ्यांत आवडतो. खालची वाटी काढलेली आहे. तिच्यात पेट्रोल साठतं, त्यावर फ्लोट तरंगतो, आणि पातळी पुरेशी झाली की तो एका निडलने पेट्रोलची वाट बंद करतो. कार्बोरेटर उलटा धरलाय. पेट्रोल जिथून आत येतं तिथे रबरी नळी, नळीचं दुसरं टोक काकांच्या तोंडात. ते फुंकतायत. फ्लोटची दांडी बोटाने दाबली की फुंकर अडली पाहिजे. अडली, पण पुरती नाही. बारीक, सुईच्या टोकाएवढी फुसफुस. काकांनी आवाज ऐकला, आम्हाला माइक जवळ न्यावा लागला.

[फ्लोट निडलचं टोक. त्यावर गोल खाच.]

हे कारण. निडलच्या टोकावर इतक्या वर्षांत एक कडं उमटलंय. सीटवर ती नीट बसत नाही, वाटीतली पातळी हळूच वर चढते. पातळी वर, की प्रत्येक जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, पेट्रोल थोडं जास्त. निडल नवी टाकली. फ्लोटची दांडी वाटीच्या काठाला समांतर आली का, ते काकांनी एक डोळा मिटून पाहिलं. फुटपट्टी वापरली नाही.

इथे बहुतेकांनी गाडी बंद करून दिली असती. आयडलिंग सुधारलं होतं, धूर कमी झाला होता, मालकही खूश होते. काका नव्हते. "हिला अजून रोडवर विचारायचंय," एवढंच म्हणाले.

[पहाट. ॲक्सिलेटरवर पांढरी पट्टी.]

ॲक्सिलेटरच्या मुठीवर ही पट्टी औषधाच्या दुकानातली, जखमेवर लावायची. तिच्यावर पेनाने खुणा: बंद, पाव, अर्धा, पाऊण. कार्बोरेटरमध्ये प्रत्येक खुणेचा मालक वेगळा. मूठ जवळजवळ बंद असताना पायलट जेट आणि एअर स्क्रू. पाव ते पाऊण, निडल आणि तिचा जेट; ही निडल वेगळी, फ्लोटची नव्हे. त्यापुढे मेन जेट. गाडी कुठल्या खुणेवर काळं ओकते ते कळलं, की चोर कुठल्या खोलीत आहे ते कळलं.

[घोडबंदर रोड. मेट्रोचे खांब मागे पडताना.]

पहाटेचे साडेपाच. माजिवड्यापासून पुढे एवढाच वेळ हा रस्ता मोकळा असतो, आणि तोही म्हणायला. गाडीवर गॅरेजमधला पोरगा, मागच्या स्कूटरवर आमचा कॅमेरा, काका गायमुखच्या अलीकडे टपरीवर थांबलेले. तिसरा गिअर, पाव खूण, मूठ हलवायची नाही. बराच वेळ. मग एकाच क्षणी क्लच आत आणि चावी बंद. गाडी तशीच घरंगळत कडेला. इंजिन आयडलिंगला आलं तर प्लगवर आयडलिंगचा रंग चढतो, म्हणून ही घाई.

पाव खूण: काळा. अर्धी खूण: गायमुखच्या चढावर, त्याहून काळा. पूर्ण मूठ घोडबंदरला मिळते कोणाला? ती चाचणी झालीच नाही.

पण अर्ध्यावर काळा, हे काकांना पुरे होतं. निडल आणि तिचा जेट.

[निडल. क्लिप. पाच खाचा.]

निडलला वर पाच खाचा असतात, त्यातल्या एकीत क्लिप बसते. क्लिप एक खाच वर नेली की निडल खाली उतरते आणि पेट्रोल कमी होतं. फुकटचा उपाय. अनेक जण इथेच थांबतात, आणि गाडी चालतेही बरी. काकांनी क्लिपला हात लावला नाही. त्यांनी मेन जेट काढला, पलीकडून लाकडी काडीने टोकलं, आणि पितळेचा एक नळीसारखा तुकडा, म्हणजे निडलचा जेट, तळहातावर पडला. स्क्रूड्रायव्हरने टोकला असता तर तो तिथेच खराब झाला असता.

[दोन जेट, दिव्यासमोर. हा शॉट लांब ठेवलाय.]

डावीकडे नवा. उजवीकडे हिचा. नव्याचं भोक गोल आहे. जुन्याचं बघा, एका अंगाला ओढलं गेलंय. अंड्यासारखं. फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा असेल, डोळ्याला भिंगाशिवाय कळत नाही. पण निडल हे भोक जवळजवळ भरूनच टाकते. पेट्रोल जातं ते फक्त तिच्याभोवतीच्या केसाएवढ्या फटीतून. त्या फटीत केसभर वाढ म्हणजे पेट्रोलात मोठीच वाढ.

हे झालं कसं? निडल मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडला वरून टांगलेली असते, खाली मोकळी. इंजिन हवा ओढतं, निडल इंजिनच्या बाजूला झुकते आणि प्रत्येक धक्क्याला घासते. सिंगल सिलिंडर बुलेटचे धक्के मोजायला कोणी बसू नये. या निडलची एकच बाजू बघा, चकाकतेय.

नवा जेटही पुडीतून काढला आणि लावला असं झालं नाही. जेटवर कंपनी एक अक्षर आणि एक आकडा कोरते. काकांनी आणलेल्या पुडीतले दोन जेट कोरेच निघाले. ते परत गेले. कोरलेला, जुन्याशी जुळणारा, दुसऱ्या दिवशी मिळाला. निडलही सोबत बदलली, जोडीनेच.

[इंजिन चालू. एअर स्क्रू.]

एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. तिथून पाव पाव फेरा इकडे, तिकडे. या कार्बोरेटरमध्ये स्क्रू बाहेर म्हणजे हवा जास्त. काका मीटरकडे बघत नाहीत. इथे आम्ही बोलत नाही, तुम्हीही ऐका.

[अठ्ठावीस सेकंद. फक्त इंजिन.]

पीयूसी झालं. एप्रिल २०००च्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के, गाडी तिच्या आत आली. दोन वर्षं जादा पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं, त्याचा हिशेब पुढे कधी हेड उघडेल तेव्हा. बिलावर दोन ओळी आहेत: निडल-जेट सेट, ट्यूनिंग. कॉइल आणि बॅटरीच्या जुन्या पावत्या मालकांनी आम्हाला दाखवल्या, पण त्या चित्रात घेऊ नका म्हणाले.

[प्लग. त्याच वर्तमानपत्रावर.]

चार दिवसांनंतर. पाव खूण, अर्धी खूण. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग. रेघ उठत नाही.

[गॅरेजबाहेर. मालक गाडीवर.]

चावी. किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा. काटा मध्यावर म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन जवळपास माथ्यावर. सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर दाबून थोडं पुढे. सोडा. किक वर येऊ द्या.

[किक. एकदाच. निवेदन नाही. गाडी गल्लीतून बाहेर वळेपर्यंत शॉट चालू ठेवा.]