चंद्र आडवा आला

नमस्कार श्रोतेहो.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या वर ओढून घ्यायच्या, हे कोकणात पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण बावटा लावायचा केव्हा, हे ठरवणाऱ्याला दूरचा समुद्र दिसायला हवा. ती नजर आपल्याला मिळाली आणि पाच महिन्यांच्या आत गेली. त्याची ही गोष्ट.

१० एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेतल्या केप कॅनव्हेरलहून इन्सॅट-१ए निघाला. टीव्ही, टेलिफोन आणि हवामान, तिन्ही कामं एकट्याने करणारा, ३६ हजार किलोमीटर उंचीवरून सतत भारताकडे बघणारा उपग्रह. सात वर्षं चालेल असा हिशेब होता.

त्याच्या कॅमेऱ्याला रात्रीही ढग दिसणार होते, कारण तो ढगांची उष्णता टिपणारा होता. ही उष्णता फार पुसट. ती कळायची तर टिपणारा भाग स्वतः गारठलेला हवा. म्हणून उपग्रहाची एक बाजू थंड अवकाशाकडे मोकळी सोडली आणि सौरपंख बसवला तो फक्त दुसऱ्या बाजूला. एका पंखाचं पाखरूच म्हणा ना! आता उन्हालासुद्धा अगदी हलका दाब असतो, आणि एकाच अंगाला पंख असला की उपग्रह कलू लागतो. तोल राखायला मोकळ्या बाजूला लांब दांडीवर एक शीड दिलं होतं. आपल्या होडीला असतं तसं शीड, फक्त वाऱ्याऐवजी ऊन झेलणारं.

ते उघडलंच नाही.

त्याआधी एक अँटेनाही अडकली होती. छोट्या रॉकेटांच्या झोताने ती कशीबशी मोकळी केली. शिडाला मात्र इलाज सापडला नाही. पुढे तोल सावरायचा तो इंधन जाळून. ४ सप्टेंबरला पृथ्वीवर रोखलेल्या संवेदकासमोर चंद्र आला. उपग्रहाची दिशा चुकली, संपर्क तुटला आणि उरलंसुरलं इंधनही जळून गेलं. ६ सप्टेंबरला शास्त्रज्ञांनी त्याचा नाद सोडला.

दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरात, अरबी समुद्रातलं वादळ गुजरातवर आदळलं. शेकडो माणसं गेली. उपग्रह असता तर सगळी वाचली असती, असं मी म्हणणार नाही. इशारा समुद्रावरच्या माणसापर्यंत पोचवणं हे वेगळंच काम आहे. पण ते आठवलं की आजही जीव हळहळतो.

३० ऑगस्ट १९८३ च्या रात्री त्याचा धाकटा भाऊ, इन्सॅट-१बी, चॅलेंजर यानातून गेला. त्याचाही सौरपंख अडकला. कर्नाटकातल्या हासनच्या नियंत्रण केंद्रातून दिवसचे दिवस खटपट चालली, आणि सप्टेंबरच्या मध्याला पंख उघडला. दूरदर्शनच्या बातम्यांत मग ढगांची ती काळी-पांढरी चित्रं दिसू लागली. खाली किनाऱ्याची ओळखीची रेघ, आणि पश्चिमेला समुद्रावर जमत आलेला पाऊस.