ओढणं सगळे दाखवतात, ढकलणंही दाखवा

श्रोतेहो, नमस्कार. आज शाळेतल्या विज्ञानाच्या एका धड्याबद्दल बोलायचंय, स्थितिक विद्युत. शिक्षक ऐकत असतील, आईबाबा असतील, सातवी-आठवीची मुलं असतील, हे सगळ्यांसाठीच आहे.

हा धडा बहुतेक ठिकाणी कसा होतो? कंगवा केसांवर घासायचा, कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचा, कपटे उडून चिकटतात, मुलं खूश, चला पुढचा धडा. मला मनापासून वाटतं की धडा तर इथून सुरू व्हायला हवा. कारण त्या कपट्यांवर मुळात प्रभार, म्हणजे घासल्याने वस्तूवर जमणारी वीज, नसतोच. प्रभार असलेली वस्तू प्रभार नसलेल्या वस्तूलाही ओढते, त्यामुळे नुसतं ओढणं बघून दोन्ही वस्तूंवर प्रभार आहे का, तो एकाच जातीचा आहे का, काहीच कळत नाही. ते कळतं ढकलण्यावरून, कारण दोन्हींवर एकाच जातीचा प्रभार असला तरच त्या एकमेकींना ढकलतात. इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने 1600 साली घासल्यावर ओढणाऱ्या कितीतरी वस्तूंची नोंद करून ठेवली, त्यासाठी टोकावर फिरणारी हलकी सुई पण केली, पण प्रभार दोन जातींचा असतो हे फ्रान्सच्या द्यु फेने मांडलं ते 1733 च्या सुमारास. शंभराहून जास्त वर्षं गेली मधे, आणि आपण ते मुलांना फळ्यावर अधिक-उणे काढून दोन मिनिटांत सांगून टाकतो!

त्यापेक्षा साधी सेलोटेप घ्या. वीतभर पट्टी टेबलावर चिकटवा, तिच्यावर बरोबर दुसरी चिकटवा, टोकं थोडी दुमडा म्हणजे धरता येतील, वरचीवर 'व' लिहा, खालचीवर 'ख'. आता दोन्ही एकत्रच हळू सोडवा, गुळगुळीत बाजूवरून बोट फिरवा म्हणजे आधीचा प्रभार निघून जाईल, आणि मग दोघींना झटकन वेगळं करा. जवळ आणल्या की एकमेकींकडे झेप घेतात. शेजारच्या बाकावरच्या मुलीनेही तसंच केलेलं असेल तर तिची 'व' तुमच्या 'व'जवळ न्या, दोन्ही पट्ट्या लांब पळतात, वाकून वाकून पळतात. ख आणि ख, तेच. व आणि ख, परत ओढ. दोन जाती आहेत हे मुलं स्वतःच म्हणतात, तुम्हाला सांगावं लागत नाही.

मग विद्युतदर्शी करायचा, म्हणजे प्रभार आहे का ते दाखवणारं साधन. अब्राहम बेनेटने 1787 मध्ये सोन्याच्या वर्खाचा केला होता, आपल्याला स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉईल चालते. जॅमची काचेची बरणी, प्लास्टिकचं झाकण, झाकणातून जाड तांब्याची तार, वर फॉईलचा गोळा, खाली तारेचा आकडा आणि त्यात तीनचार सेंटीमीटर लांबीच्या दोन अरुंद पट्ट्या. पट्ट्या नखाने सपाट करा आणि भोकं जरा मोठी ठेवा, आकड्यात अडकून बसल्या तर हलणार नाहीत. वायरिंगच्या पीव्हीसी पाईपचा तुकडा लोकरीवर घासा आणि गोळ्याजवळ न्या, टेकवू नका. पट्ट्या फाकतात. पाईप तसाच धरून दुसऱ्या हाताचं बोट गोळ्याला लावा, पट्ट्या मिटतात. आता आधी बोट काढा, नंतर पाईप. पट्ट्या पुन्हा फाकतात, पाईप तर गेला, मग हा प्रभार आला कुठून? इथे मुलांना थांबवून विचारा, उत्तराची घाई करू नका. बोटातून शरीरावाटे इलेक्ट्रॉन, म्हणजे उणे प्रभाराचे बारीक कण, निघून गेले, बोट आधी उचललं म्हणून परत येता आलं नाही. पाईप आधी काढला तर काहीच उरत नाही, तेही करून बघायला लावा. आणि पाईप पुन्हा जवळ आणला की फाकलेल्या पट्ट्या मिटायला लागतात, म्हणजे बरणीतला प्रभार पाईपच्या उलट जातीचा आहे.

प्रयोग फसतो तो बहुतेक हवेमुळे. जुलैत, त्यातून कोकणात, काचेवर आणि प्लास्टिकवर ओलाव्याचा थर बसतो आणि प्रभार त्यावरून निघून जातो, मग मुलांना वाटतं पुस्तक खोटं आहे. धडा डिसेंबर-जानेवारीत घ्या ना, पोर्शनचा क्रम थोडा पुढेमागे केला म्हणून काही बिघडत नाही. तेवढं नाहीच जमलं तर सगळं सामान आधी उन्हात नाहीतर हेअर ड्रायरने चांगलं वाळवा, आणि पट्ट्यांना घामेजलेले हात लावू नका.

अजून एक, जमलं तर कराच. 1775 मध्ये व्होल्टाने लोकप्रिय केलेलं इलेक्ट्रोफोरस, एकदा घासून पुन्हा पुन्हा प्रभार देणारं साधन. पीव्हीसीचा सपाट पत्रा लोकरीने घासा, अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीला मधोमध प्लास्टिकचा ग्लास चिकटवून मूठ करा, ताटली पत्र्यावर ठेवा, कडेला बोट लावून काढा, मग मुठीने उचला. आता बोट जवळ नेलं की चट्ट आवाज येऊन ठिणगी पडते. ठिणगी एक मिलिमीटरची असली तरी तिथे साधारण तीन हजार व्होल्ट असतात, पण प्रभार अगदी थोडा, म्हणून नुसती टोचल्यासारखी जाणवते. पत्रा परत न घासता पुन्हा पुन्हा करता येतं, कारण दर वेळी ताटली उचलायला हाताने काम केलेलं असतं. घरातल्या विजेच्या बोर्डाशी मात्र यातलं काहीही जोडायचं नाही, हे मुलांना आधीच बजावून सांगा.

आणि तुम्ही मीडियम वेव्हवर रेडिओ ऐकत असाल तर कार्यक्रम संपल्यावर काटा दोन स्टेशनांच्या मधे आणा, आवाज वाढवा आणि रेडिओच्या अगदी जवळ ती ठिणगी पाडा. स्पीकरमधून खट्ट ऐकू येईल, वीज चमकते तेव्हा येतं ना तसंच. मुलांना विचारा, तार नाही काही नाही, हे रेडिओपर्यंत पोचलं कसं? नमस्कार.