मांडवातली लिंक आणि मिळकतीचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

नौपाड्यात किंवा वाशीत लग्न असले, की आता पत्रिकेच्या फोटोखाली व्हॉट्सॲपवर आणखी एक ओळ येते : 'ज्यांना प्रत्यक्ष येणे शक्य नाही, त्यांनी खालील लिंकवरून वधूवरांस आशीर्वाद द्यावेत.' 2021 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने लग्नाला 25 माणसांची आणि दोन तासांची मर्यादा घातली, तेव्हा ही लिंक नाइलाज होती. निर्बंध गेले, लिंक मात्र राहिली. तेव्हापासून मी लग्ने यूट्यूबवरून थेट दाखवण्याचे काम करतो, आणि बोलणी करायला आलेले वरपिते अलीकडे हमखास विचारतात, "यूट्यूबवर पैसे मिळतात म्हणे, मग आपल्या लग्नाचे आपल्यालाच का मिळू नयेत?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब मांडू. जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी यूट्यूबवरील वाहिनीला 1,000 सदस्य आणि मागील बारा महिन्यांत 4,000 तासांचे प्रेक्षण लागते. एका लग्नाला दीडशे माणसे दोन-दोन तास बसून राहिली, असे उदार मनाने धरले, तरी 300 तास भरतात. म्हणजे वर्षात चौदा लग्ने हवीत, आणि एवढी लग्ने कोणत्याही घरात नसतात. शिवाय हे तास सर्वांना खुल्या असलेल्या व्हिडिओचेच धरले जातात. केवळ लिंक असणाऱ्यांनाच दिसेल असे प्रक्षेपण ठेवले, तर मोजणीत शून्य. थोडक्यात, चार पैसे हवे असतील, तर मुलीची पाठवणी अनोळखी माणसांना दाखवावी लागते. माझ्या मते हा सौदा महागाचा आहे.

काहीजण 'सुपर चॅट'मधून, म्हणजे प्रक्षेपण चालू असताना पैसे भरून संदेश पाठवण्याच्या यूट्यूबच्या सोयीतून, आहेर घ्यावा असे सुचवतात. नाशिकच्या मामांनी त्या वाटेने हजार रुपये दिले, तर सुमारे तीनशे कंपनी ठेवून घेते. तेच मामा यूपीआयने पाठवतील, तर हजारच्या हजार पोहोचतात. त्यातही लग्नानिमित्त वधूवरांना मिळालेल्या भेटीवर प्राप्तिकर नाही, तर सुपर चॅटची रक्कम हे वाहिनीचे उत्पन्न ठरते.

तेव्हा पैसा आहे तो दाखवून देण्याच्या कामात, पाहणाऱ्यांच्या संख्येत नव्हे. यजमान पैसे देतात ते एकाच गोष्टीचे : अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी चित्र थांबता कामा नये. सकाळी नऊला रिकाम्या हॉलमध्ये मोबाइलचे नेटवर्क उत्तम असते. मुहूर्ताच्या वेळी चारशे पाहुणे जमतात, निम्म्यांचे फोन उंच होतात, 'शुभमंगल सावधान' सुरू होते, आणि आपला अपलोडचा, म्हणजे चित्र इंटरनेटवर पाठवण्याचा वेग डोळ्यांदेखत चार एमबीपीएसवरून अर्ध्यावर उतरतो. लोक वेग तपासतात तो डाउनलोडचा; आपल्याला लागतो अपलोडचा. चार एमबीपीएसने चार तास प्रक्षेपण केले, की सात जीबीहून अधिक डेटा जातो. म्हणून मी कार्यालयाच्या ऑफिसातून इंटरनेटची तार ओढून घेतो, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे जवळ ठेवतो आणि वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या मिनिटासाठी राउटरला बॅटरी लावतो. गुरुजींच्या उपरण्याला छोटा माइक लावायलाही विसरत नाही, कारण चित्र थोडे अंधुक झाले तरी चालते, मंगलाष्टके ऐकू आली नाहीत तर फोन येतात.

एकदा मात्र मी चांगलाच तोंडघशी पडलो. ऐरोलीच्या एका लग्नात नवरदेवाच्या प्रवेशाला डीजेने चालू चित्रपटातले गाणे लावले आणि पडद्यावर चालत्या चित्राऐवजी यूट्यूबची कॉपीराइटची सूचना आली. न्यू जर्सीतली आत्या पहाटे दोनला उठून बसली होती. तिला नवरदेव दिसलाच नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये वरातीत आणि लग्नाच्या समारंभात गाणी वाजवण्यास सूट आहे, हे खरे. पण गाणे ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा मांडव आणि मैफल यांत फरक करीत नाही. तेव्हापासून गाणे सुरू होताच मी हॉलचा आवाज बंद करतो आणि आधीच परवानगी घेतलेली सनई सोडतो. डीजेवाले हसतात, हसोत.

हा धंदा करू इच्छिणाऱ्यांनी दर ठरवताना कॅमेऱ्यांची संख्या, तास आणि इंटरनेटचा खर्च वेगवेगळा लिहावा, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, आणि प्रक्षेपण खंडित झाल्यास किती परत देणार, हेही त्याच कागदावर लिहावे. नवी वाहिनी असेल, तर लाइव्हची सोय सुरू व्हायला 24 तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून ती हळदीच्या सकाळी उघडू नये. व्हिडिओ किती दिवस ठेवायचा, हे मी वधूपक्षाकडूनही लिहून घेतो. बहुतेक घरे महिना सांगतात. एका आजीने मात्र "माझी नात सासरी रुळेपर्यंत" असे लिहून दिले होते, आणि तो व्हिडिओ मी अजून काढलेला नाही.