सराफ्यातला ओटा

(दृश्य: सराफा, रात्रीचे अडीच. स्टॉल आवरले जाताहेत.)

भुट्ट्याचा कीस संपलाय, गराडूचं तेल गाळून डब्यात भरताहेत. समोरच्या ओट्यावर काका कधीचे उकिडवे बसलेत. इंदूरची खाऊगल्ली उठल्याशिवाय त्यांना आडवं होता येत नाही.

(दृश्य: काकांचे हात.)

आधी पुठ्ठा, त्यावर गोणपाट, उशाला पिशवी. पिशवीत एक सदरा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड आणि क्वार्टर. बूच उघडताना हात इतका कापला, की आम्ही कॅमेरा खाली घेतला.

"दारू मीच प्यायलो. कुणी पाजली नाही."

हे वाक्य आम्ही मुद्दाम ठेवलं आहे. लोक इथेच थांबतात, म्हणून पुढचंही ऐका.

काका रामबागेत वाढले, कापड गिरणीत बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, होते. 1992 मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. तिथल्या कामगारांचे थकलेले सुमारे 224 कोटी मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. काकांची गिरणी दुसरी, पण गत तीच. मग हमाली, रखवालदारी. काकू आजारपणात गेल्या. भाडं थकलं, खोली सुटली. काही महिने भावाकडे काढले.

"तेव्हा होळीला, लग्नकार्यात घ्यायचो. रोजची झाली ती इथे आल्यावर. थंडीत डोळा लागत नाही हो. ही पोटात गेली की दोन तास लागतो."

सोडायची दोनदा ठरवली. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसायला लागल्या. अंगात मुरलेली दारू एकदम तोडली तर भास होतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. त्याला औषध लागतं, खाट लागते, शेजारी माणूस लागतो. केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकाला काही ना काही उपचार मिळतो. ओट्यावरच्या माणसाचा नंबर त्यात कधी लागणार?

शहरात लाख वस्तीमागे एक रैन बसेरा, म्हणजे बेघरांसाठी रात्रीचा निवारा, हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलं. काका एका बसेऱ्यात गेलेही होते. प्यायलेल्याला आत घेत नाहीत, म्हणाले. म्हणजे आधी दारू सोडा, मग छप्पर. आणि छपराशिवाय ती सोडायची कशी, हे कुणीच सांगत नाही. याला आम्ही त्यांची निवड म्हणणार नाही.

(दृश्य: गल्लीच्या टोकाला गाडीचे दिवे.)

झाडणारी गाडी आली. काका दचकून उठले. जानेवारी 2021 मध्ये याच शहरातल्या बेघर म्हाताऱ्यांना पालिकेच्या गाडीत घालून क्षिप्रेपाशी सोडून दिलं होतं. गावकऱ्यांनी हटकलं, तेव्हा परत आणलं. काका त्यांच्यात नव्हते, पण गाडीचा आवाज आला की अजून पोटात गोळा येतो, म्हणाले.

पुठ्ठ्याची घडी करून त्यांनी ती शटरमागे सरकवली. मग खाली वाकून सगळा ओटा हातानं झाडला. पेढीवाले शेटजी काही बोलत नाहीत, ते ओटा स्वच्छ असतो म्हणून.