नोंद कोणासाठी लिहायची?

(सीताबर्डीत शिक्षक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागे आवाज येतो आहे ना? कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही, नागपुरात राहून एवढं पाप कोणी करत नाही. मीच जरा मोठ्यानं बोलते. आयुष्यभर वर्गात तेच केलं आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन : काल, आज आणि उद्या’. संयोजकांनी फोनवर विचारलं, मॅडम, विषय काय टाकू? मी म्हटलं, मूल्यमापन टाका. पुढचं काल-आज-उद्या त्यांनी लावलं. आपल्याकडे कोणत्याही विषयाला हे शेपूट चालतं, संत्र्यापासून संत साहित्यापर्यंत. असो. छापलं आहे तर निभावते.

‘काल’ लवकर उरकते, कारण इथल्या निम्म्या लोकांनी ते डी.एड.ला पाठ केलंय. मूल्यमापन सतत चालायला हवं हे कोठारी आयोगानं १९६६ मध्येच सांगितलं. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणात ते पुन्हा आलं. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम २९ मध्ये मुलाला काय समजलं आणि समजलेलं त्याला वापरता येतं का, याचं सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन करा असं म्हटलंय. २०१० च्याच २० ऑगस्टला आपल्या राज्याचा शासन निर्णय निघाला, पहिली ते आठवीसाठी. आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर केलेलं, आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी पेपर घेऊन केलेलं, असे दोन भाग. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के, संकलित ३०. तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला ४०-६०. म्हणजे मूल जितकं लहान, तितका पेपरचा मान कमी. यात मला आजही काही खोट दिसत नाही.

घोळ झाला तो वेगळ्याच ठिकाणी. आठवीपर्यंत कोणाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही, हे त्याच कायद्याचं तेव्हाचं कलम १६. मूल्यमापन कसं करायचं, हे कलम २९. पण पानठेल्यापासून स्टाफरूमपर्यंत दोन्हींची मोळी बांधली गेली आणि ‘आता परीक्षाच नाही’ असा निकाल लागून गेला. परीक्षा होतीच. संकलित मूल्यमापन म्हणजे दुसरं काय? पण १ मेला निकाल न्यायला आलेल्या आईला हे समजवा. एकीनं माझ्यासमोर प्रगतिपुस्तक धरलं.

“मॅडम, ब-दोन म्हंजे का जी?”

“६१ ते ७० टक्के.”

“मंग पास हाय ना?”

“सगळेच पास आहेत हो.”

“मंग थे ब-दोन कायले लिवलं?”

या प्रश्नाचं उत्तर शासन निर्णयात सापडत नाही. हसू नका, बाई एकदम मुद्द्याचं बोलत होती. ज्या कागदावरून पुढं काय करायचं ते कळत नाही, तो कागद तिनं घरी कशाला न्यायचा?

आता ‘आज’. आकारिकची साधनं आठ : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी, स्वाध्याय, आणि ‘इतर’ या गोणीत स्वयंमूल्यमापन, गटकार्य वगैरे. शिवाय वर्णनात्मक नोंदी : विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. गुणाकार करून बघा. वर्गात ४० मुलं, ८ विषय, दर विषयाला एकच नोंद धरली तरी एका सत्राच्या ३२० आणि वर्षाच्या ६४०. ही कामं जनगणना, मतदारयाद्या आणि खिचडीचा हिशेब सांभाळून. हिवाळी अधिवेशनात आपल्या शहरात शिक्षकांचे मोर्चे येतात ना, तेव्हा ट्रॅफिक अडला म्हणून चिडता तुम्ही. एकदा फलक वाचा. अशैक्षणिक कामं काढा, हे त्यावर असतंच असतं.

मग बाजार बरोबर जागा झाला. तयार नोंदींची पुस्तकं निघाली. पुढं एक्सेलची शीट आली, व्हॉट्सअॅपवर फिरू लागली. हजेरी क्रमांक १ ला पहिलं वाक्य, २ ला दुसरं, दहा झाले की पुन्हा पहिलं. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘परिसर स्वच्छतेबाबत जागरूक आहे.’ ‘वडीलधाऱ्यांचा आदर राखतो.’ या नोंदी खऱ्या मानल्या तर गेल्या १५ वर्षांत महाराष्ट्रात एकही भिंत रंगायला नको होती पिचकारीनं. एका वर्गात ‘गटचर्चेत उत्साहाने भाग घेते’ असं जिच्यापुढं लिहिलं होतं, ती मुलगी दिवाळीनंतर आईबापासोबत वीटभट्टीवर गेलेली. उत्साहानं घेत असेल तिथं.

मी शिक्षकांना दोष देत नाही. गंमत अशी की याच शिक्षकांना बाकावर बसवून चहा पाजा आणि विचारा, तो तिसऱ्या रांगेतला पोट्टा कसा आहे? अर्धा तास थांबत नाहीत. कुठं अडतो, कशानं खुलतो, सगळं तोंडपाठ. जे माहीत आहे ते वहीत नाही आणि वहीत आहे ते कोणालाच माहीत नाही.

आता एक प्रसंग सांगते. माझ्या सहकाऱ्यांनी तो इतक्यांदा ऐकलाय की ते बाहेर जाऊन चहा घेऊन येऊ शकतात.

तिसरीचा वर्ग. एका मुलाच्या वडिलांचा गोकुळपेठेत भाजीचा ठेला. संध्याकाळी पोरगा तिथं बसायचा. फळ्यावर उभी बेरीज दिली, ४७ अधिक ३८. यानं पाटीवर लिहिलं ७१५. दुसरी दिली, २६ अधिक ५९. उत्तर ७१५. दोन्हींचं उत्तर एकच आलं याचं त्यालाही काही वाटलं नाही. घोकून घेणारा शिक्षक इथं फुली मारतो आणि पुढं जातो. मी त्याला टेबलाजवळ बोलावलं.

“हे कसं केलं, सांग बरं.”

“सात न् आठ पंधरा. चार न् तीन सात. लिवलं ना जी.”

बघा, सात आणि आठ पंधराच होतात. चार आणि तीन सातच होतात. एकही बेरीज चुकलेली नाही. मग मी विचारलं, “बाबांच्या ठेल्यावर एकानं ४७ रुपयांचे वांगे-टमाटर घेतले, ३८ ची बाकी भाजी घेतली. किती मागशील?” पापणी लवायच्या आत म्हणाला, “पंच्याऐंशी.”

“मग पाटीवर काय लिहिलंय? वाच.”

“सातशे पंधरा.” आणि स्वतःच फिस्सकन हसला. “एवढ्याची भाजी कोन घेते मॅडम?”

या मुलाला बेरीज येते का? पेपर तपासणारा म्हणेल, नाही. गोकुळपेठेतलं गिऱ्हाईक म्हणेल, उत्तम येते. दोघंही खरे. त्याला येत नव्हता तो फक्त हातचा, तोही कागदावर. मी खेळातल्या दहाच्या नोटा आणि सुटी नाणी काढली. पंधरा सुटे त्याच्यापुढं ठेवले. म्हटलं, इतकी चिल्लर गल्ल्यात ठेवशील? तो म्हणाला, नाही, दहाची नोट करून घेईन. केली. नोट नोटांच्या ढिगात गेली, पाच सुटे उरले. मग तेच पाटीवर. आठवडाभरात हातचा बसला.

त्या दिवशी वहीत मी नोंद केली : ‘तोंडी बेरीज बरोबर, पैशांची तर झटकन. मांडणी करताना १५ पूर्ण लिहितो, ४७ + ३८ = ७१५. हातचा कळलेला नाही. नोटा-नाणी घेऊन करून घेणे.’

पुढच्या महिन्यात तपासणी. साहेब आले. नाव सांगत नाही. निवृत्त झालेत, सुखी असोत. त्यांनी वही चाळली आणि या पानावर थांबले. मला वाटलं, आता शाबासकी.

“मॅडम, ही नकारात्मक नोंद आहे.”

मी म्हटलं, “सर, खरी आहे.”

“खरी असेल, पण नोंद सकारात्मक पाहिजे. आणि हे ७१५ काय आहे? नोंदीत आकडे असतात का?” मग शेजारच्या वर्गाची वही मागवली, त्यात बोट ठेवलं. ‘गणितातील मूलभूत क्रिया अचूक व जलद करतो.’ “असं लिहा.” आणि माझ्या वहीवर लाल शाईत शेरा : ‘नोंदी नमुन्याप्रमाणे कराव्यात.’

शेजारच्या बाई माझ्याकडे बघेनात. त्यांचा काही दोष नव्हता, त्यांनी पुस्तकातून उतरवलेलं, साहेबांनीही बहुधा त्याच पुस्तकातून वाचलेलं. मुलाचं हसू झालं पाहिजे असं मलाही वाटत नाही. मूल आळशी, मठ्ठ असं लिहू नका म्हणून तो सकारात्मकतेचा आग्रह आला होता आणि तो योग्यच. पण चूक नोंदवणं आणि मुलाला नावं ठेवणं यांत फरक आहे हे वरून खाली येता येता कुठंतरी गळालं.

आणखी एक गळती सांगते. नियम असा की ड किंवा त्याखालची श्रेणी आली, तर जादा मार्गदर्शन करून मुलाला किमान क-२ पर्यंत आणायचं. चांगला नियम! पण मार्गदर्शनाला वेळ लागतो आणि श्रेणी बदलायला खोडरबर. मग कागदावर ड राहिलाच नाही...

संयोजक घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं? पाच? बरं. ‘उद्या’ राहिलाच आहे सगळा. भराभर सांगते.

२०१९ मध्ये मुलांना मागे न ठेवण्याचं ते कलम १६ बदललं. २०२३ मध्ये आपल्या राज्यानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली : नापास झाला तर पुन्हा परीक्षा, त्यातही नापास तर त्याच वर्गात. माझा परीक्षेला विरोध नाही. पण मूल अडलंय हे ती एप्रिलमध्ये सांगते. ७१५ तिसरीच्या जुलैत दिसलेलं असतं. आणि दोन परीक्षांच्या मधलं जादा मार्गदर्शन विदर्भात मे महिन्यात, ४५ अंशांत द्यायचं. कोणत्या खोलीत, हे एकदा येऊन दाखवा.

दुसरीकडे २०२० च्या धोरणातलं समग्र प्रगतिपत्रक येतंय. त्यात मूल स्वतःबद्दल लिहील, मित्र लिहितील, पालक लिहितील. कल्पना छान आहे. पण रकाने वाढतील आणि शिक्षकाचा वेळ तेवढाच राहील, तर महिनाभरात त्याचीही एक्सेल शीट फिरू लागेल. मुलांच्या स्वयंमूल्यमापनाचीसुद्धा, लिहून ठेवा.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. ६४० नोंदी नकोत. दर मुलाची महिन्याला एक, कोणत्याही एका विषयातली. पण तीत मुलानं प्रत्यक्ष काय लिहिलं किंवा म्हटलं ते हवं आणि मी उद्या काय करणार ते हवं. हे दोन नसतील तर ती नोंद धरायचीच नाही. बाकी रकाने कोरे राहू द्या, त्यावरून कोणाची वेतनवाढ अडवू नका.

तपासणीला येणाऱ्यांनी वही आधी मागू नये. हजेरीतून तीन नावं काढावीत आणि वर्गशिक्षकाला विचारावं, हा कुठं अडलाय? मग त्या मुलाशी बोलावं. दहा मिनिटांत कळतं. आणि पालकसभेत ब-दोन वाचून दाखवण्यापेक्षा त्या आईला सांगा, ताई, रोज संध्याकाळी गल्ल्यातले सुटे याच्याकडून मोजून घ्या, दहा झाले की नोट करायला लावा. ती करेल. तिला श्रेणी कळत नाही, गल्ला कळतो.

आठवीच्या बीजगणिताबद्दल याच धर्तीवर बोलायचं होतं, ते राहिलं. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा. तपासणी अधिकारी कोणी आले असतील तर त्यांनी आधी विचारावं, मी जागेवरच आहे.