मी कधीच न पाहिलेला माझा खेळाडू

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, थोडं काटछाट करून.)

नमस्कार मंडळी. कार्यकारिणीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि सातव्या मिनिटाला चहा येणार आहे अशी आतली बातमी आहे. त्यामुळे प्रस्तावना गाळतो.

शिकागोत बास्केटबॉलवर भाषण करायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देण्यासारखं. इथे प्रत्येकाकडे मायकल जॉर्डनची एक गोष्ट असतेच. माझीही आहे, ती आधी उरकून घेतो. १५ जून १९९८, सोमवार. सॉल्ट लेक सिटीत रविवारची संध्याकाळ, आमच्या साताऱ्यात सकाळ. मी दहावीत गेलेलो. केबल आमच्याकडे नव्हती, शेजारच्या काकांकडे होती. शेवटच्या मिनिटात जॉर्डनने समोरच्या युटा संघाच्या कार्ल मलोनच्या हातातला चेंडू पळवला, स्वतःच पुढे आणला आणि ५.२ सेकंद उरले असताना बास्केट केली. ८७-८६. आपल्या शिकागो बुल्सचं सहावं विजेतेपद, त्याचे एकट्याचे ४५ गुण. मी सोफ्यावर उभा. काका म्हणाले, "झालं ना? आता आंघोळीला जा."

पण माझा खेळाडू जॉर्डन नव्हता. माझा खेळाडू वेगळा होता.

त्याआधी पाच वर्षं, म्हणजे १९९३ साली, मामा अमेरिकेहून आला तेव्हा त्याने बास्केटबॉलच्या कार्डांचं एक पाकीट आणलं होतं. पत्त्यांएवढी गुळगुळीत कार्डं, पुढे फोटो, मागे आकडे. पाकिटात जॉर्डन निघावा म्हणून मी ते रात्रभर देवघरात ठेवलं. सकाळी फोडलं तर एकाही माणसाचं नाव ऐकलेलं नाही. अमेरिकेतली मुलं अशी कार्डं आपसात बदलून घेतात म्हणे, पण साताऱ्यात दुसऱ्या कोणाकडे असतील तर बदलणार ना! मग त्यातल्याच एकाला मी आपला मानला. चेंडू छातीशी धरलेला, नजर फोटोच्या बाहेर कुठेतरी. उंची सहा फूट नऊ इंच. सामने २३. सरासरी २.४ गुण. हे मी पाढ्यासारखं पाठ केलं होतं. शाळेच्या डांबरी मैदानावर, जाळी नसलेल्या रिंगखाली, मी तोच असायचो. बाकी सगळे जॉर्डन.

आता गेल्या नोव्हेंबरात या. माझी मुलगी पार्क डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक उद्यानांच्या संस्थेच्या, संघात खेळते. शनिवारी सकाळी नऊचा सामना, जिममध्ये कॉफीचा आणि ओल्या बुटांचा वास. लाकडी पायऱ्यांवर सगळ्यात खाली एक वयस्कर गृहस्थ पाय लांब पसरून बसलेले. इतके लांब, की पंच बाजूने पळताना दर वेळी वळसा घालून जायचा. मुलीच्या संघातल्या एका मुलीचे ते आजोबा. चेहरा ओळखीचा वाटला, आधी वाटलं ऑफिसातले कोणी असतील. मध्यंतरात त्यांनी कडेला आलेला चेंडू उचलला आणि छातीशी धरला. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

मी जवळ गेलो, नाव विचारलं. तेच होते. त्यांचं नाव इथे सांगणार नाही. "लोकांना सांग, पण नाव टाकू नकोस," असं ते स्वतःच म्हणालेत, आणि हे भाषण वेबसाइटवर जाणार आहे.

मी म्हणालो, "मी तुमचा लहानपणापासूनचा चाहता आहे." त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "माझा कुठला सामना पाहिलास?" मंडळी, खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण मुलगी शेजारी पाणी पीत उभी. म्हणालो, "एकही नाही." ते इतक्या मोठ्याने हसले की पंचाने मागे वळून पाहिलं.

मग मी पाढा म्हटला. उंची, सामने, सरासरी. ते म्हणाले, "उंची चूक आहे. बूट घालून मोजायचे." हे मला ठाऊक होतं, २०१९ पासून एनबीएने, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगने, बुटांशिवायची उंची द्यायला लावली तेव्हा कितीतरी दिग्गज रातोरात इंचभर खुजे झाले होते. पण स्वतः त्या माणसाच्या तोंडून ऐकलं तेव्हा, खरं सांगतो, तीस वर्षं चुकीचा पाढा म्हटल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून आम्ही दर शनिवारी शेजारी बसतो. जॉर्डनबद्दल मी मुद्दाम एकदाही विचारलेलं नाही, तेवढं तारतम्य आहे मला. ते बोलतात दहा दिवसांच्या करारांबद्दल. एनबीएत ही पद्धत अजून आहे. ५ जानेवारीनंतर संघ एखाद्याला दहा दिवसांसाठी किंवा तीन सामन्यांसाठी घेतो, जे जास्त भरेल तेवढं. एका संघाला एका मोसमात एकाच माणसाला असं दोनदाच घेता येतं. तिसऱ्यांदा हवा असेल तर उरलेला मोसम ठेवा, नाहीतर रामराम. कार्डावरचे ते २३ सामने मला सलग वाटायचे. त्यात दहा दिवसांचे दोन करार होते. "नवव्या दिवशी कपडे धुवायला टाकायचे नाहीत," ते म्हणाले. "परत मिळायच्या आत गाव सुटलेलं असायचं."

बाकीची वर्षं ते सीबीए नावाच्या छोट्या लीगमध्ये होते. ती आता नाही. आपल्याकडून दीड तासावरच्या रॉकफर्डमध्ये त्या लीगचा संघ होता, लाइटनिंग. जॉर्डनच्या बुल्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन बुल्सकडे येण्याआधी याच लीगमध्ये ऑल्बनीच्या संघाचे प्रशिक्षक होते आणि १९८४ साली ते जिंकलेही. तिथली क्रमवारीच्या गुणांची पद्धत ऐकून मी गार झालो. एका सामन्याचे सात गुण. जिंकणाऱ्याला तीन, आणि चार क्वार्टर्सचा, म्हणजे सामन्याच्या चार भागांचा, प्रत्येकी एक, ज्याने ते क्वार्टर जिंकलं त्याला. म्हणजे सामना हरूनही तीन गुण घेऊन घरी जाता यायचं. म्हणूनच वीस गुणांनी मागे असलेला संघसुद्धा शेवटच्या क्वार्टरमध्ये जिवाच्या आकांताने पळायचा. "रिकाम्या स्टँडसमोर," ते म्हणतात, "फेब्रुवारीत, आणि गुडघ्याला बर्फ बांधून." दोन्ही गुडघे आता बदललेले आहेत.

मग मी घोडचूक केली. बोलून गेलो की कार्ड अजून साताऱ्यात आहे. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या शनिवारी विचारलं, त्याच्या पुढच्या शनिवारी परत विचारलं. आईला फोन केला. तिने माळ्यावरची पत्र्याची पेटी शेजारच्या मुलाकडून उतरवली आणि व्हॉट्सअपवर फोटो पाठवला. कार्ड तिच्या अंगठ्याखाली, अर्धं झाकलेलं. वर मजकूर: "हाच का रे तो? जेवत नव्हता वाटतं."

शनिवारी मी फोन त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, स्वतःचा चेहरा बघतील. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि कडेला सरकवत नेला. त्या कोपऱ्यात मागच्या खेळाडूचा खांदा आणि अर्धा कान होता. तीस वर्षांत मी तो कधी पाहिलाच नव्हता. "हा," ते म्हणाले, "माझा खोलीतला जोडीदार. याचं कार्ड कधी निघालंच नाही." मग सामना संपेपर्यंत ते त्याच्याबद्दलच बोलत होते. तो स्वयंपाक उत्तम करायचा, हॉटेलच्या इस्त्रीवर चीज सँडविच भाजायचा, आणि त्याच्यासारखा पास देणारा माणूस त्यांना पुन्हा भेटला नाही. आमच्या मुली त्या दिवशी हरल्या. किती गुणांनी ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं.

गेल्या आठवड्यात बायकोने त्यांच्यासाठी तिळाचे लाडू दिले. पाक जरा पुढे गेला होता, तिच्यासमोर सांगतोय. त्यांनी एक तोंडात टाकला, बराच वेळ शांतपणे झुंजले आणि म्हणाले, "नशीब, दात अजून माझेच आहेत."

तो चहा आला. शेवटची एक विनंती, भाषणात धरू नका. मार्च-एप्रिलमध्ये साताऱ्याहून किंवा पुण्याहून कोणी येणार असेल तर मला चहाच्या वेळी भेटा. एक कार्ड आणायचं आहे. वजन काहीच नाही, फक्त घडी घालू नका. आणि आई त्याबरोबर चटणी देईल, तिला नाही म्हणता येणार नाही.