आकडा ठरवायचा कुणी?

(दृश्य: क्योटोचं परिषदगृह, पहाटेची वेळ)

डिसेंबर 1997, जपानमधलं क्योटो शहर. हवामानबदलावरची परिषद 10 तारखेला संपायची होती, पण 11 तारीख उजाडली तरी सभागृह उठलेलं नाही. दुभाषे निघून गेलेत. काही प्रतिनिधी खुर्चीतच डुलक्या घेतायत. अध्यक्षांच्या जागी आहेत अर्जेंटिनाचे राउल एस्त्रादा. चर्चा रेंगाळू लागली की ते हातोडा आपटतात आणि पुढचं कलम घेतात.

त्या रात्रीच्या जागरणातून जगाला पहिल्यांदाच पृथ्वी तापवणाऱ्या हरितगृह वायूंच्या कपातीचे बंधनकारक आकडे मिळाले. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड धरून सहा प्रकारचे वायू. 2008 ते 2012 या पाच वर्षांत औद्योगिक देशांनी मिळून आपलं उत्सर्जन 1990 च्या पातळीपेक्षा किमान 5 टक्क्यांनी खाली आणायचं, असं ठरलं.

(दृश्य: देशांची नावं आणि आकडे यांचा तक्ता)

आता हा तक्ता नीट पाहा. युरोपीय संघ 8 टक्के कपात. अमेरिका 7. जपान 6. रशियाला कपात नाही, फक्त 1990 च्या वर जायचं नाही. ऑस्ट्रेलियाला तर 8 टक्के वाढीची मुभा, आणि आइसलँडला 10 टक्के.

हे आकडे कुठल्याही शास्त्रज्ञाच्या गणितातून आलेले नाहीत. ते घासाघिशीतून आले. घरी परतल्यावर कुठला आकडा पचवता येईल, याचा अंदाज घेत प्रत्येक शिष्टमंडळ बोलत होतं. युरोपने आपला वाटा नंतर आपसांत पुन्हा वाटून घेतला: जर्मनीने 21 टक्के घटवायचं, पोर्तुगालने 27 टक्क्यांपर्यंत वाढवलं तरी चालेल. श्रीमंताने जास्त भार उचलायचा, मागे राहिलेल्याला वाढायला जागा ठेवायची. या सगळ्या व्यवहारात मला सर्वांत प्रामाणिक वाटते ती हीच वाटणी.

पण खरी मेख आहे ती आधारवर्षात. 1990 नंतर लगेच सोव्हिएत संघ कोसळला. कारखाने बंद पडले आणि रशियाचं उत्सर्जन आपोआप घसरलं. म्हणजे ‘1990 च्या वर जायचं नाही’ ही अट रशियाने काहीही न करता पाळली, आणि वर उत्सर्जनाचा न वापरलेला कोटा इतर देशांना विकायचा हक्कही मिळवला. पूर्व जर्मनीतल्या जुन्या कारखान्यांना टाळं लागलं, तेही जर्मनीच्या पथ्यावर पडलं. म्हणून कुणी अमुक टक्के कपात म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: कुठल्या वर्षाच्या तुलनेत?

भारत, चीन आणि इतर विकसनशील देशांना क्योटोत मर्यादा नव्हती. त्यामागे 1992 च्या हवामान करारातलं तत्त्व होतं: जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही. हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं तिथे राहतो. दीडशे वर्षं कोळसा जाळून जे देश श्रीमंत झाले, त्यांचा जुना धूर आजही पृथ्वी तापवतोय. हा युक्तिवाद रास्त आहे. अमेरिकेच्या सिनेटला मात्र तो मान्य नव्हता. विकसनशील देशांवर बंधन नसेल तर असा करार नको, असा ठराव तिने क्योटोच्या पाच महिने आधीच 95 विरुद्ध 0 मतांनी केला होता. 2001 मध्ये अमेरिका बाहेर पडली. रशियाच्या मंजुरीनंतर करार लागू झाला, तोवर 2005 उजाडलं होतं. पुढे कॅनडाने 2011 मध्ये करार सोडत असल्याचं जाहीर केलं. एव्हाना जगात सर्वाधिक उत्सर्जन करणारा देश चीन झाला होता, आणि त्याला मर्यादाच नव्हती.

(दृश्य: पॅरिस, 12 डिसेंबर 2015, टाळ्यांचा गजर)

पॅरिसमध्ये पद्धतच उलटी केली गेली. वरून वाटणी नाही. प्रत्येक देशाने आपला आकडा आपणच आणायचा. औद्योगिक युगाआधीच्या तुलनेत तापमानवाढ 2 अंश सेल्सिअसच्या बऱ्याच खाली ठेवायची आणि 1.5 अंशांसाठी झटायचं, हे सगळ्यांचं मिळून ध्येय. दर पाच वर्षांनी नवं आणि आधीपेक्षा पुढचं उद्दिष्ट द्यायचं. ते देणं बंधनकारक आहे, गाठणं नाही.

त्यामुळे जवळपास सगळं जग एका करारात आलं, पण आकड्यांची जातकुळी वेगवेगळी झाली. युरोपीय संघ म्हणतो, 2030 पर्यंत 1990 च्या तुलनेत निव्वळ 55 टक्के कपात. भारताने 2022 मध्ये सांगितलं, 2030 पर्यंत देशांतर्गत उत्पन्नाच्या प्रत्येक एककामागचं उत्सर्जन 2005 पेक्षा 45 टक्क्यांनी कमी. अर्थव्यवस्था त्याहून वेगाने वाढली तर एकूण उत्सर्जन वाढूनही हे उद्दिष्ट पूर्ण होऊ शकतं. चीनने 2025 मध्ये, 2035 पर्यंत आपल्या उत्सर्जनाच्या सर्वोच्च पातळीपेक्षा 7 ते 10 टक्के कपात जाहीर केली. ती सर्वोच्च पातळी किती, हे मात्र सांगितलं नाही. आणि आंतरराष्ट्रीय विमानं व मालवाहू जहाजं यांचा धूर सहसा कुठल्याही देशाच्या हिशेबात धरला जात नाही.

सगळ्यांची वचनं पूर्ण झाली, तरी या शतकात तापमानवाढ 2.3 ते 2.5 अंशांवर जाईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2025 चा अंदाज आहे. पॅरिसच्या वेळी हाच अंदाज 3 अंशांच्या वर होता. फरक पडलाय, आणि तो कमी लेखू नये. पण समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंचीवर राहणाऱ्या बेटांना तो पुरणारा नाही.

(दृश्य: हेग, आंतरराष्ट्रीय न्यायालय)

म्हणूनच बेटांवरचे देश न्यायालयाकडे वळले. 2019 मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ही कल्पना मांडली, वानुआतू या छोट्या देशाने ती उचलून धरली आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने प्रश्न हेगला पाठवला. 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने मत दिलं: उद्दिष्ट किती ठेवायचं हे कुठल्याही देशाच्या निव्वळ मर्जीवर नाही. ते त्या देशाला शक्य तितकं उच्च हवं, आणि सगळ्यांची मिळून 1.5 अंशांची मर्यादा राखली जाईल असं हवं. कर्तव्यात कसूर झाली, तर नुकसानीची भरपाई मागता येऊ शकते.

हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे. निकालासारखं ते कुणावर लादता येत नाही. पण यापुढे कुठल्याही देशाचा आकडा तोकडा वाटला, तर त्याला जाब विचारताना वानुआतूच्या हातात आता कायद्याचा आधार आहे.